सव्वातीन तासांचा संसार

आमच्या डोक्यावर एक जोडपं राहतं. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. नवरा बियाण्यांच्या मोठ्या गोदामावर राखणदार आहे आणि बायको दोऱ्याच्या कारखान्यात रंग जुळवते. त्याला मी राखणदार म्हणतो आणि तिला वहिनी. इथंही तसंच म्हणणार आहे, सव्वीस वर्षांची सवय आता कुठं मोडू?

राखणदाराची कायमची रात्रपाळी. संध्याकाळी सव्वासातला घर सोडतो, सकाळी पावणेनऊला परततो आणि बूट काढता काढता झोपतो. वहिनींची वेळ सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. सातला बाहेर पडतात, चारच्या ठोक्याला जिन्यात त्यांची पावलं वाजतात. म्हणजे दोघंही जागे आणि दोघंही घरात, असे दिवसातले तास निघतात सव्वातीन. राखणदाराला पंधरवड्यातून एक सुट्टी मिळते, ती तो झोपून काढतो. एवढ्यात या दोघांनी संसार केला. मुलगी वाढवली, शिकवली, ती आता दूरच्या शहरात नोकरीला आहे. तिला आईबाप आळीपाळीनं भरपूर मिळाले, पण दोघं एकदम हवे असले तर तिनंही चार ते सव्वासात याच वेळात मागून घ्यायचे.

आमच्या हिचं मत असं की त्यांचं लग्न टिकलंच त्यामुळे. "भांडण रंगात येईपर्यंत एकाची ड्यूटी सुरू होते," ती म्हणते, आणि मग माझ्याकडे बघून एक उसासा सोडते. मी निवृत्त झाल्यापासून चोवीस तास घरी असतो, हा त्या उसाशाचा अर्थ. मला तो कळतो, पण मी वर्तमानपत्र खाली करत नाही.

मी स्वतः कामगार कचेरीत चौतीस वर्षं कारकून होतो. मालकांनी माणसांना कसं कसं फसवलं याच्या फाइली मी गाठी मारून कपाटात ठेवल्या आहेत, आणि एवढ्या फाइलींतून मी एकच गोष्ट शिकलो: फसणारा माणूस नव्वद टक्के वेळा न वाचता सही करून आलेला असतो. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो. मालकांचाही येतो, पण मालकांकडून माझी काही अपेक्षा नसते.

आता वहिनींचं काम सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं. कारखाना त्या रंगाचा दोरा रंगवतो आणि त्याची एक लच्छी, म्हणजे छोटी लड, वहिनींपुढे येते. त्या तुकडा आणि लच्छी उत्तरेकडच्या खिडकीत शेजारी शेजारी धरतात आणि रंग जमला की नाही ते सांगतात. त्यांनी चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय कारखान्यातून दोऱ्याचं एक रीळ बाहेर जात नाही. तीस वर्षांपूर्वी त्या कामाला लागल्या तेव्हा रंगखात्यात एक म्हातारे वस्ताद होते. त्यांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता की नुसती सही कधी करायची नाही. सहीच्या आधी चार गोष्टी लिहायच्या: पाहिले, मान्य किंवा अमान्य, किती वाजता, आणि कुठल्या उजेडात. दिव्याच्या उजेडात 'अमान्य' लिहिलं तर चालतं, 'मान्य' लिहायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं. कारण वस्तादांच्या तरुणपणी कुणीतरी दिव्याखाली बघून काळा दोरा पास केला होता, आणि एक अख्खं बँडपथक भर उन्हात जांभळ्या शिवणीचे काळे कोट घालून गावभर वाजवत फिरलं होतं. तीस वर्षांत वहिनींनी दिव्याखाली एकदाही 'मान्य' लिहिलेलं नाही, असं त्या अभिमानानं सांगतात. मी हे त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल. लक्षात ठेवा, पन्नासदा.

गेल्या वर्षी कारखान्याचा कारभार मालकांच्या मुलीकडे आला. तिला सगळे धाकट्या मालकीणबाई म्हणतात. हुशार मुलगी, मनानं वाईट नाही, पण कागदावर बसलेलं गणित माणसांवरही बसतं अशी तिची समजूत. तिच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकांचे नमुने टपालानं दुपारी बाराला येतात आणि साडेतीनला रंगखातं बंद होतं. मग तिनं एक दिव्यांची पेटी आणली. तिच्यात म्हणे दिवसासारखा उजेड पडतो. पेटी आली तेव्हा खिडकीची गरज संपली आणि खिडकीची गरज संपली तेव्हा सकाळची गरज संपली. एका मंगळवारी कारखान्यात कागद फिरला: येत्या सोमवारपासून सर्व विभागांची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. खाली सगळ्यांनी सह्या करायच्या.

त्याच दिवशी चार वाजता वहिनी वर न जाता आधी आमच्याकडे आल्या. पिशवी खांद्यावरच होती.

"भाऊजी, आमची वेळ बदलली. अकरा ते सात."

"तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारतात कुठं? कागद फिरवला."

"सही केलीत?"

"केली. चोवीसच्या चोवीस जणांनी केली."

"मग संपलं," मी म्हणालो. "सही करून मग माझ्याकडे येता? हे म्हणजे वरातीमागून घोडं. कामाची वेळ ही करारातली गोष्ट असते, वहिनी. ती बदलायची तर मालकानं आधी कळवायचं, विचारायचं, तुमचं ऐकून घ्यायचं. पण तुम्हीच सही करून मोकळ्या झालात तर कोण काय करणार?"

वहिनींनी खांद्यावरची पिशवी सावरली. "बरं," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

"दोन शब्द गोड बोलला असतात तर जीभ झिजली असती का?" आमची ही म्हणाली. मी म्हटलं, खरं ते बोललो. मला वाटतही तसंच होतं.

सोमवारी नवी वेळ सुरू झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर त्यांचं स्वयंपाकघर येतं. चार वाजले की वर आधी एक खुर्ची सरकायची आणि पाठोपाठ दुसरी. सव्वीस वर्षं या आवाजावर आमचा दुपारचा चहा ठेवला जातो. त्या सोमवारी चार वाजता एकच खुर्ची सरकली. राखणदार उठला असणार, त्यानं चहा केला असणार आणि तो एकटाच बसला असणार. सव्वासातला तो गेला. संध्याकाळच्या गर्दीतून आठला वहिनी आल्या आणि तीच एक खुर्ची पुन्हा सरकली. आमची ही भाजी चिरताना थांबली, वर बघितलं आणि पुन्हा चिरू लागली.

सकाळी मात्र आता दीड तास मिळत होता. तो पावणेनऊला यायचा, वहिनी रस्त्यातली गर्दी धरून सव्वादहाला निघायच्या. पण रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी नऊला नवरेपणा कसा जमावा? तो हट्टानं खुर्चीत ताठ बसून राहायचा. वहिनी हसत हसत आमच्या हिला सांगत होत्या, "मी बोलते, ते हो हो करतात. काल मी म्हटलं, अहो, आपल्या जिन्यात हत्ती बसलाय. तरी हो म्हणाले." दोघी खूप हसल्या. मग वहिनी म्हणाल्या, "मला करमत नाही गं," आणि त्यावर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात राखणदार मला जिन्यात भेटला. नेहमी मान वर करून बोलणारा माणूस, त्या दिवशी कठड्याशी बोलत होता.

"साहेब, आज माझा डोळा लागला. सकाळी सातला, फाटकापाशी. बाहेर मालाच्या पाच गाड्या भोंगे वाजवत उभ्या, आणि मी खुर्चीत. मुकादमानं हलवून उठवलं."

"होतं एखाद्या वेळी."

"सव्वीस वर्षांत झालं नव्हतं," तो म्हणाला. "तोंडी समज दिलीय. हिला सांगू नका."

मी सांगितलं नाही, पण वहिनींना सांगावं लागत नाही. रंगातला केसाएवढा फरक ओळखणारी बाई, तिला नवऱ्याचा चेहरा ओळखायला काय लागतं? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याला घरात पाऊल ठेवताच झोपायला पाठवायला सुरुवात केली. सकाळचा दीड तासही गेला. टेबलावर चिठ्ठ्या ठेवून संसार सुरू झाला: 'दूध उतू जातंय, गॅस बारीक ठेवा', 'मुलीचा फोन येऊन गेला, बरी आहे', 'तुझी छत्री मी नेली'. मला वाईट वाटत होतं, पण माझ्या मते दोष सहीचा होता. अजून मी ताठच होतो.

तिसऱ्या रविवारी माझ्या कोटाचं बटण तुटलं. कोट राखाडी, पण नुसता राखाडी नाही. त्यात कुठंतरी हिरवट झाक आहे. हिच्या डब्यातला एकही दोरा त्याला जाईना. हिनं कोट वर पाठवला. तासाभरानं वहिनी बटण लावून आणि उरलेल्या दोऱ्याची छोटी लच्छी घेऊन खाली आल्या. "पुन्हा तुटलं तर असू दे," त्या म्हणाल्या. लच्छीला एक चिठ्ठी बांधलेली होती. मी चष्मा लावून वाचली.

'पाहिले. मान्य. सकाळी ९.४०, स्वयंपाकघराची खिडकी.' खाली सही.

"हे काय?" मी विचारलं.

"चिठ्ठी. लच्छी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते."

"घरीसुद्धा?"

"हात थांबतच नाही हो. मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर एकदा लिहिलं होतं: पाहिले, गणित अमान्य, संध्याकाळी पाच, गॅलरीतला उजेड. बाईंनी भेटायला बोलावलं होतं मला."

आमची ही पोट धरून हसत होती. मी हसत नव्हतो. मी चिठ्ठी पुन्हा वाचली.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या मंगळवारच्या कागदावर तुम्ही काय लिहिलंत?"

"कुठल्या?"

"वेळ बदलल्याच्या. नुसती सही केलीत?"

वहिनी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच जिन्यात हत्ती बसलाय म्हणालो. "नुसती सही मी कशी करीन, भाऊजी? पाहिले, अमान्य, वेळ, उजेड, सगळं लिहिलं. मग सही केली. बाकीचे हसतही होते."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत सही केली का. मी म्हटलं केली. तुम्ही म्हणालात संपलं. तुम्ही कचेरीतले, मला वाटलं सहीच्या वर काय लिहिलंय याला किंमत नसते."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चौतीस वर्षं मी येईल त्याला 'आधी कागद दाखवा' म्हणत आलो, आणि शेजारच्या बाईला कागदात काय होतं एवढंही विचारलं नाही. माझ्या तोऱ्यापायी त्या दोघांचे वीस दिवस फुकट गेले. मी तसं स्पष्ट बोलून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, तेवढ्यात तुमचा कोट तरी नीट झाला." आमच्या हिनं कोट झटकून कपाटात टांगला.

त्याच दुपारी आम्ही कामाला बसलो. राखणदार झोपेतून उठून पत्र्याचा डबा घेऊन खाली आला. त्यात मुलीचा जन्मदाखला, घराची कागदपत्रं आणि सगळ्यांत खाली वहिनींचं तीस वर्षांपूर्वीचं नेमणूकपत्र होतं, घडीवर घडी तशीच. राखणदारच तो. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: कामाची वेळ सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन.

"आता उद्यापासून मी जुन्या वेळेला जाऊन बसू का?" वहिनींनी विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हणालो. "लोक इथंच घसरतात. रागानं घरी बसतात, नाहीतर राजीनामा फेकून येतात, आणि मालकाला आयतंच मिळतं. तुम्ही नव्या वेळेलाच जायचं, काम चोख करायचं. पण गप्प बसायचं नाही. मुकाट्यानं जात राहिलात तर काही दिवसांनी तोच तुमचा होकार धरला जातो. म्हणून लिहून द्यायचं, की मी येतेय ती नाइलाजानं येतेय, संमती म्हणून नाही. एक प्रत कारखान्याला, एक कामगार कचेरीला, आणि पोचपावती त्या डब्यात."

मला एकच धास्ती होती. तो मंगळवारचा कागद कारखान्याच्या ताब्यात होता. तो त्यांनी फाडला असता तर? म्हणून अर्जात मी शेवटी घातलं, की सह्यांचा मूळ कागद कारखान्यानं कचेरीपुढे हजर करावा. वहिनींनी अर्ज खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला आणि सहीच्या वर लिहिलं: 'पाहिले. मान्य. दुपारी ४.२५, खालच्या घराची खिडकी.' माझ्या मसुद्यावर साहेब लोकांनी आयुष्यभर लाल रेघा मारल्या होत्या. मान्य कुणी लिहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं का बोला.

महिन्याभरानं कचेरीतून वहिनींना आणि कारखान्याला, दोघांनाही बोलावणं आलं. सोबत एक माणूस नेता येतो म्हणून मी गेलो. दारावरच्या शिपायानं मला 'आजोबा, कुणाला भेटायचंय?' विचारलं. ज्या इमारतीत मी चौतीस वर्षं काढली तिथं. असो, तो विषय वेगळा आहे.

अधिकारी तरुण होता, पण कागद बोट ठेवून वाचत होता, म्हणून मला आवडला. समोर धाकट्या मालकीणबाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला, आणि मी मनातल्या मनात हात जोडले. तोच कागद होता.

"अर्जात मूळ कागद मागितला होता, आणलाय," त्या म्हणाल्या. "बघा. चोवीस कामगार, चोवीस सह्या. सगळ्यांनी स्वीकारलंय."

अधिकाऱ्याचं बोट सह्यांवरून खाली सरकू लागलं. सतराव्या सहीवर थांबलं.

"हे काय लिहिलंय? 'पाहिले. अमान्य. सकाळी ९.१०, उत्तरेची खिडकी.'"

"ते मी लिहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"उत्तरेची खिडकी कशासाठी?"

"उजेड, साहेब. कशाच्या उजेडात पाहिलं ते लिहावं लागतं. नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, बाईंना नीट दिसलं नव्हतं."

अधिकाऱ्यानं हसू दाबायला पेनाचं टोपण चावलं. मग मालकीणबाईंना विचारलं, "तुम्ही हे वाचलं होतं?"

त्या कागद ओढून घेऊन वाचत होत्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "मी सह्या मोजल्या होत्या."

न वाचता कागद पुढे करणारे मालकही असतात, हे मला त्या दिवशी कळलं. अधिकारी म्हणाला, नकार त्याच दिवशी, त्याच कागदावर, घड्याळाच्या काट्यासकट दिलेला आहे. याहून स्पष्ट नकार आपण पाहिलेला नाही. नेमणूकपत्रात वेळ लिहिलेली आहे. बाकीच्यांनाही कुणी विचारलेलं दिसत नाही. मग त्यानं मालकीणबाईंना शांतपणे समजावलं, की वेळ बदलायला मनाई नाही, पण ती माणसांशी बोलून बदलायची असते.

मालकीणबाई वहिनींकडे वळल्या. "बाई, तुम्ही मला तोंडानं सांगायचं ना."

"तुम्ही तोंडानं विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही कागद पाठवलात, मी कागदावर उत्तर दिलं."

"पण अडचण काय आहे? सकाळ मोकळी मिळतेच की तुम्हाला."

वहिनींनी पदर नीट केला. मला वाटलं खिडकीचं, रंगाचं काही सांगतील. आणि ते त्यांनी सांगितलंही, की गेले दोन महिने पेटीच्या दिव्याखाली त्यांनी एकही लच्छी पास केलेली नाही, संध्याकाळच्या प्रत्येक चिठ्ठीवर 'सकाळी पुन्हा पाहावे' असंच लिहिलंय, त्यामुळे काम पुढे जायचं सोडून मागेच पडलंय. मालकीणबाई म्हणाल्या, ते त्यांच्याही लक्षात आलंय. पण वहिनी तिथं थांबल्या नाहीत.

"आमचे हे रात्रपाळीला असतात," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं जागे असताना एका घरात फक्त सव्वातीन तास असतो. चार ते सव्वासात. ते तुमच्या कागदात गेले. मला दुसरं काही नको, ते परत हवेत."

चोपन्न वर्षांची बाई सरकारी टेबलासमोर हे बोलली, आवाज न चढवता, मान खाली न घालता. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मी छताकडे बघत बसलो, कारण माझा चष्मा ओला झाला होता. मालकीणबाईंनी कागद पुन्हा पुढे ओढून सतरावी सही पाहिली. मग म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं." ते खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चोवीस जणांना एकेकाला बसवून विचारलं. गंमत बघा, तिघांना उशिराचीच वेळ हवी होती. पॅकिंगमधल्या एकीला सकाळी मुलांचं आवरून निवांत यायला मिळत होतं, ती तर खूशच होती. दुपारी आलेले नमुने उतरवून घ्यायला तेवढे तिघं पुरले. नमुना रात्रभर थांबतो आणि सकाळी साडेसातला उत्तरेच्या खिडकीत जातो. बाकीचे एकवीस जुन्या वेळेला परतले. आधीच विचारलं असतं तर एका दुपारीत झालं असतं, पण शहाणपण असं वेळेवर कुणाला येतं? मला तरी कुठं आलं होतं.

वहिनींच्या जुन्या वेळेच्या पहिल्या दिवशी मी आणि आमची ही पावणेचारपासूनच स्वयंपाकघरात घुटमळत होतो. चारला जिन्यात पावलं वाजली. वर एक खुर्ची सरकली. मग दुसरी सरकली. हिनं चहाचं आधण ठेवलं. पाच मिनिटं झाली नसतील, तोच वर भांडण सुरू झालं. त्या दोन महिन्यांत राखणदारानं चहाच्या गाळणीची जागा बदलली होती आणि नवी जागा कशी सोयीची आहे हे तो पटवत होता. "तीस वर्षं गाळणी खिळ्याला असते," वहिनींचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. सव्वासातपर्यंत भांडण पुरलं. आम्ही दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला. इतका चांगला दिवस बऱ्याच महिन्यांत गेला नव्हता.

इथं संपवायला हरकत नव्हती, पण परवाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता थंडीचे दिवस आहेत, सहालाच अंधार पडतो. परवा सात वाजून दहा मिनिटांनी राखणदार गणवेश घालून आमच्या दारात उभा. हातात कागद. गोदामाच्या व्यवस्थापकाचं पत्र होतं. लिहिलं होतं, की आपल्या नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, रात्रीसाठी नवी माणसं घेतली आहेत; पुढच्या महिन्यापासून आपल्याला सकाळी सात ते दुपारी तीन अशी दिवसपाळी देण्याचा विचार आहे. आपली संमती असल्यास खाली सही करावी. नसल्यास आहे ती पाळी चालू राहील.

मी पत्र तीनदा वाचलं. असा कागद चौतीस वर्षांत मी पाच-सहा वेळा पाहिला असेल. विचारणारा कागद.

"सही केली नाहीत ना अजून?" मी सवयीनं विचारलं.

"मी नाही केली," तो म्हणाला. "पण खाली बघा."

पत्राच्या तळाला पेन्सिलीनं, ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पाहिले. मान्य. संध्याकाळी ६.४०, दिवा.' खाली सही.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दिवाच लिहिलं होतं.

"मी म्हटलं तिला, सकाळपर्यंत थांब," राखणदार म्हणाला. "तुझाच नियम आहे. तर म्हणाली, याला सकाळ कशाला हवी."

आमची ही दारामागं उभी होती, ती आत निघून गेली. मी आपला कायदा सांगितला. म्हटलं, संमती तुमची लागते, त्यांच्या सहीला इथं काही अर्थ नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्यानं माझं पेन मागून घेतलं, पत्र दाराच्या चौकटीवर धरलं आणि तिच्या सहीच्या खाली आपली सही केली. मग घड्याळ बघून, ड्यूटीला उशीर होतोय म्हणाला आणि भराभर जिना उतरून गेला.